तांब्याचं शासी, काचेचं भिंग : मॅरँट्झ सीडी-९४ निवडणं, आणणं आणि चालतं ठेवणं

मॅरँट्झ सीडी-९४ या जुन्या सीडी प्लेअरच्या फोटोंना भुलू नका, हे सांगण्यासाठी लेख लिहायला बसलो आणि आधी मीच अर्धा तास ते फोटो बघत राहिलो. सोनेरी दर्शनी भाग, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, आत तांब्याचा मुलामा दिलेलं शासी, म्हणजे सांगाडा. १९८७च्या सुमाराचं हे यंत्र उचलायचं तर आधी कंबर सावरावी लागते. सीडी वाजवायच्या पेटीत इतका धातू ओतायची हिंमत आज क्वचितच कुणी करेल.

पण धातूला काहीच होत नाही. लाकडाला पॉलिश करता येतं, ओरखडे झाकता येतात. या यंत्राचा जीव दोन छोट्या वस्तूंत आहे: लेझर वाहून नेणारा एक हात आणि सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारी २८ पायांची एक चिप. दोन्हींचं उत्पादन केव्हाच थांबलं. म्हणून पेटी विकत घेताना खरं तर हा हात आणि ही चिप विकत घ्यायची असते, बाकीचा थाट त्यांच्यासोबत येतो. खालचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे. सीडी-९४ सोडून त्याच काळातलं, त्याच घराण्यातलं दुसरं यंत्र घेत असाल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी घराणं ओळखा

मॅरँट्झ मूळची अमेरिकन कंपनी. १९८० साली अमेरिका आणि कॅनडा वगळून तिचा बाकी जगातला व्यवसाय फिलिप्सकडे गेला. त्यामुळे सीडी-९४चा बाहेरचा डौल जपानी वाटला, तरी आतला मेंदू डच आहे.

त्या मेंदूमागे एक गमतीशीर अडचण आहे. सोनी आणि फिलिप्स मिळून सीडीचं प्रमाण ठरवत होते तेव्हा फिलिप्सची चिप १४ बिटांची होती, पण ठरले १६ बिट. फिलिप्सने हार न मानता डिजिटल फिल्टर लावून नमुन्यांचा, म्हणजे आवाजाच्या मोजमापांचा, वेग चौपट केला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० ऐवजी १,७६,४०० नमुने, आणि नॉइज शेपिंगच्या (गोंगाट कानाला न ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ढकलण्याच्या युक्तीच्या) जोरावर १४ बिटांच्या चिपकडून १६ बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं. ती चिप टीडीए १५४०. पुढे १९८५ साली खरी १६ बिटांची टीडीए १५४१ आली, तिची सुधारलेली आवृत्ती टीडीए १५४१ए. सीडी-९४मध्ये हीच आहे, आणि तिच्या आधी फिल्टरचं काम करायला एसएए ७२२०.

दुसरी वस्तू म्हणजे सीडीएम-१ मेकॅनिझम, सीडी फिरवणारा आणि वाचणारा भाग. आजच्या बहुतेक प्लेअरमध्ये लेझर दोन रुळांवरून दातेरी चाकांच्या साहाय्याने सरकतो. सीडीएम-१मध्ये रूळ नाहीत, दातेही नाहीत. रेकॉर्ड प्लेअरसारखा एक हात बेअरिंगवर फिरतो, त्याला कॉइल आणि चुंबक हलवतात. पाया ओतीव धातूचा, भिंग रोडेनश्टॉक या जर्मन कंपनीचं, खऱ्या काचेचं. मोटरला ब्रश नाहीत. झिजायला जागाच कमी, म्हणून ही मेकॅनिझम आजही चालताना दिसतात. पुढे फिलिप्सने सीडीएम-२ आणि सीडीएम-४ काढली, त्यांत प्लास्टिक शिरलं. वाजतात तीही चांगली, पण इतकी मुर्दाड नाहीत.

पायरी १ : पैसे पाठवण्याआधी विचारायचे प्रश्न

असा नग बहुतेक वेळा जपान किंवा युरोपातून येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा चोर बाजारात अवचित हाती लागला तर तुमचं नशीब. विकणारा लिहितो, ‘वाजतोय, स्थिती छान.’ त्यावर न थांबता व्हिडिओ मागा, आणि कशाचा ते नेमकं सांगा.

ट्रे बंद होण्यापासून एकूण गाणी व वेळ डिस्प्लेवर येईपर्यंतचा सलग व्हिडिओ हवा, मध्ये न कापलेला. सीडीची विषयसूची सर्वात आतल्या कडेला असते, ती काही सेकंदांत वाचली गेली पाहिजे. मग ७० मिनिटांच्या वरची सीडी लावून शेवटचं गाणं वाजवायला सांगा. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि वाचनाचा वेग कायम राखायचा म्हणून सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेणारी तबकडी शेवटी सुमारे २०० वर येते. वाकडी सीडी सर्वात जास्त डुलते तीही बाहेरच्या कडेलाच. पहिलं गाणं वाजवून दाखवणारे पुष्कळ भेटतात. शेवटचं वाजलं तर हात निरोगी आहे असं बरंचसं म्हणता येतं. त्याच व्हिडिओत पहिल्या गाण्यावरून थेट शेवटच्यावर उडीही मारायला लावा. फिरत्या हाताची यंत्रं या उडीत फार चपळ असतात. चाचपडत, थांबत, पुन्हा मागे येत गाणं सापडत असेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या.

मागच्या बाजूच्या पाटीचा फोटोही मागा. तिच्यावर व्होल्टेज लिहिलेलं असतं, आणि विजेची सगळी पायरी त्यावर अवलंबून आहे. कस्टम ड्यूटी आणि वजनाचं भाडं मिळून आकडा कुठे जातो ते आधी कागदावर मांडा. जड यंत्राचं भाडं कधी कधी यंत्रालाच लाजवतं.

पायरी २ : पॅकिंग

ट्रेमध्ये सीडी राहिलेली नाही ना, हे विकणाऱ्याला दोनदा विचारा. प्रवासात सुटलेली सीडी आत आपटत राहिली तर भिंगाचं काय होईल हे सांगायला नको. या घराण्यातल्या अनेक यंत्रांना तळाशी वाहतुकीचे स्क्रू असतात, ते घट्ट केले की स्प्रिंगवर तरंगणारं मेकॅनिझम जागेवर धरलं जातं. तुमच्या नगाला असतील तर विकणाऱ्याने ते आवळून पाठवावेत आणि तुम्ही चालू करण्याआधी सैल करावेत. हा दुसरा अर्धा भाग विसरून ‘यंत्र बिघडलेलं आलं’ म्हणून भांडायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

खोके दोन हवेत, एकात एक, मध्ये चारही बाजूंना फोम. नुसत्या बबलरॅपवर जड यंत्राचा कोपरा हमखास वाकतो.

पायरी ३ : वीज. इथे चूक झाली तर पुढचं वाचायची गरज नाही

जपानमधला नग १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडे २३०. पिन बसवणारा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. माझ्या एका मित्राने हे ज्ञान धुराच्या स्वरूपात मिळवलं.

त्यासाठी २३० चे १०० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. सीडी प्लेअर फार वीज खात नाही, पाटीवरचा वॅटचा आकडा बघा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. १०० व्हीए बहुतेक वेळा पुरतो. ११० व्होल्टचा स्वस्तात मिळतो म्हणून तो घेऊ नका, अमेरिकेसाठी आणि जपानसाठीचे ट्रान्सफॉर्मर वेगळे. शक्य असेल तर प्रायमरी आणि सेकंडरी, म्हणजे वीज आत घेणारी आणि बाहेर देणारी गुंडाळी, वेगवेगळ्या असलेला घ्या, एकाच गुंडाळीचा ऑटो ट्रान्सफॉर्मर नको. जुन्या जपानी यंत्राला अर्थिंगची पिन नसते, अशा वेळी मेन्सपासून वेगळी केलेली गुंडाळी जास्त सुरक्षित. पुण्याच्या बुधवार पेठेत असे ट्रान्सफॉर्मर सांगून बनवून घेता येतात. गुंडाळणाऱ्या काकांना फक्त ‘१०० म्हणजे १००च, ११० नाही’ हे ठासून सांगायचं आणि घरी आणल्यावर मल्टीमीटर लावून बघायचं.

हर्ट्झची काळजी नको. जपानच्या पूर्व भागात, म्हणजे तोक्योत, ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला, ओसाकाकडे, ६० हर्ट्झ वीज आहे. त्यामुळे तिथली घरगुती यंत्रं दोन्हींवर चालतील अशीच बनतात. युरोपातला २२० व्होल्टचा नग असेल तर सरळ लावा.

पायरी ४ : लगेच चालू करू नका

पार्सल आलं की पहिल्या दिवशी फक्त पेटी उघडायची. विमानातून थंड होऊन आलेल्या धातूवर आपल्या दमट हवेत दव धरतं, भिंगावरही. एक रात्र जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी वाहतुकीचे स्क्रू सैल करा, यंत्र सपाट जागी ठेवा, आणि सीडी न घालता चालू करा. ट्रे उघडतो का, बंद होताना अडखळतो का, बघा. अडखळत असेल तर घाबरू नका, रबरी बेल्ट कडक झालेला असतो. जास्तीत जास्त किरकोळ खर्च. मग एक चांगली, पण गेली तरी चालेल अशी सीडी लावा.

तपासणीसाठी ओरखडे पडलेली सीडीही जवळ ठेवा. यात एक खुबी आहे: मधल्या भोकापासून कडेकडे जाणारा सरळ ओरखडा फारसा त्रास देत नाही, कारण प्रत्येक फेरीत थोडाच मजकूर हरवतो. सीडीची चूक-दुरुस्ती साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा सलग मजकूर गेला तरी तो पूर्ण भरून काढते. गोलाकार, मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र घातक. पहिल्या प्रकारच्या ओरखड्यावर यंत्र अडखळत असेल तर काहीतरी अशक्त झालंय. सीडी-आर, म्हणजे घरी लिहिलेली सीडी, लावून बघणंही उपयोगी, कारण तिची चकाकी छापील सीडीपेक्षा कमी असते. सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी, वाचली नाही म्हणून खट्टू होऊ नका. तिच्यावरून फारच थोडा प्रकाश परततो आणि हे यंत्र तिच्या जन्माच्या बरंच आधीचं आहे.

पायरी ५ : झाकण काढणं

प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरना रिकामं व्हायला वेळ द्या. स्क्रू ठेवायला इडलीपात्र घ्या, एका खळग्यात एका जागेचे स्क्रू. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. हे बाळबोध वाटेल, पण तीन लांबीचे स्क्रू एकत्र झाले की रात्री साडेअकराला त्याची किंमत कळते.

मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. लेझर डायोडला स्थिर विजेचा अदृश्य झटकाही पुरतो. आणि झाकण उघडं ठेवून यंत्र चालवणार असाल तर भिंगात डोळा घालून बघू नका. ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जेमतेम मंद लाल ठिपक्यासारखा दिसतो, म्हणून निरुपद्रवी वाटतो. तसा तो नसतो. भिंग हलतंय का ते कडेने, लांबून बघा. ट्रे रिकामा बंद केला की ते सीडी शोधत वर-खाली झालं पाहिजे.

आता प्लग पुन्हा काढा आणि बोटाच्या टोकाने लेझरचा हात हलकेच ढकला. तो जराही न अडकता, न खरखरता तरंगल्यासारखा फिरायला हवा. कुठे अडला तर बेअरिंगमध्ये धूळ किंवा कुणीतरी मागे सोडलेलं तेल आहे. तुम्ही त्यात आणखी तेल सोडू नका. गंज सोडवायचा स्प्रे तर या पेटीच्या आसपासही नको. हाताला जोडलेली पातळ लवचीक पट्टीही बघा. ती फाटली तर बदली मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून तिला फक्त बघायचं, हात लावायचा नाही.

पायरी ६ : भिंग पुसणं

यंत्र वाचत नसेल तर दहापैकी नऊजण म्हणतील, ‘लेझर गेला.’ निदान सीडीएम-१च्या बाबतीत हा शेवटचा संशय ठेवा, पहिला नाही. आधी भिंग, मग सुटलेले डाग (सोल्डरचे जोड), मग कपॅसिटर, आणि सगळ्यात शेवटी लेझर.

आधी रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकलंत तर थुंकी उडते. मग कापसाची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून झटका, आणि फक्त काडीच्या वजनाने भिंगावरून दोनदा गोल फिरवा. दाबायचं नाही, भिंग केसाएवढ्या बारीक आधारांवर लटकलेलं असतं. मग कोरडी काडी. काचेचं असल्यामुळे हे भिंग अल्कोहोल सोसतं. प्लास्टिकच्या भिंगांवरचा लेप त्याने धुरकट होऊ शकतो, तेव्हा ही पद्धत दुसऱ्या यंत्रावर डोळे मिटून वापरू नका.

मेकॅनिझमच्या सर्किटच्या पट्टीवर एक इवलासा फिरता स्क्रू दिसेल, लेझरचा प्रवाह ठरवणारा. इंटरनेटवरचे शूर लोक तो ‘थोडा’ फिरवायला सांगतात. सर्व्हिस मॅन्युअल, मीटर आणि चाचणीची तबकडी समोर नसेल तर त्याच्याकडे बघूही नका. प्रवाह वाढला की म्हातारा लेझर चार दिवस तरुण होतो आणि पाचव्या दिवशी जातो.

पायरी ७ : बेल्ट आणि कपॅसिटर

बेल्ट सोपा. जुना काढून सपाट ठेवा, आतला परीघ मोजा, त्याहून पाच टक्के लहान आणि त्याच छेदाचा नवा घ्या. चाकांवरचा काळा चिकटा अल्कोहोलने पुसल्याशिवाय नवा चढवू नका, नाहीतर तोही घसरतो.

कपॅसिटरच्या बाबतीत मात्र मी बहुतेकांशी भांडतो. ‘सगळे बदलून टाक’ ही फॅशन आहे. शंभरावर कपॅसिटर, म्हणजे दोनशेवर डाग, म्हणजे जुन्या पट्टीवरचा तांब्याचा पातळ मार्ग उचकटायच्या दोनशे संधी. जे वाईट आहेत तेच बदला. उष्णतेजवळचे आधी तपासा: व्होल्टेज रेग्युलेटरच्या शेजारचे, आणि एसएए ७२२०च्या जवळचे, कारण ती चिप चांगलीच तापते. ईएसआर मीटर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा) पाच हजारांच्या आत मिळतो आणि कपॅसिटर न काढता मोजतो. त्याच घराण्यातल्या युरोपीय यंत्रांत फिलिप्सचे निळे आडवे कपॅसिटर दिसले तर मात्र दयामाया नको, ते आतून वाळतात. मेकॅनिझमखालच्या सर्व्होच्या (लेझरला मार्गावर धरून ठेवणाऱ्या सर्किटच्या) पट्टीवरचे लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही संशयितच. गरम झाल्यावर गाणं उडायला लागत असेल तर सुरुवात तिथून करा.

टीडीए १५४१एच्या भोवती १४ छोटे कपॅसिटर रांगेत दिसतील. हे तिच्या अंतर्गत प्रवाहांची सरासरी स्थिर ठेवणारे, फिलिप्सच्या रूडी फान द प्लाशे यांच्या युक्तीचा भाग. त्यांना सुखाने राहू द्या.

आणखी एक मोह म्हणजे एसएए ७२२० काढून चिपला थेट मजकूर पाजणं. ‘ॲनालॉगसारखा’ आवाज येतो म्हणतात. येतो, कारण २० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल आवाज कमी होतो आणि वरची सगळी कचरपट्टी फिल्टरशिवाय अँप्लिफायरकडे जाते. ज्याला सौम्य आवाज हवा त्याने ट्रेबलचं बटण फिरवावं. फिलिप्सच्या अभियंत्यांनी फिल्टर हौसेने लावला नव्हता.

मुकुटाची भुरळ

टीडीए १५४१एच्या काही चिपांवर छोटा मुकुट छापलेला असतो, त्या एस१. उत्पादनातून अतिशय हळू आवाजालाही अचूक राहणाऱ्या चिपा निवडून त्यांना हा मान मिळाला. बाजारात आज मुकुटवाल्या इतक्या मिळतात की फिलिप्सनेही तेवढ्या बनवल्या असतील का, शंका यावी. साध्या चिपेचा माथा घासून वर मुकुट छापायला फार कौशल्य लागत नाही. माथा खरखरीत किंवा जास्तच काळा, खाचेच्या कडा बोथट, छपाई तिरकी, यातलं काहीही दिसलं की पुढे चला. तुमच्या यंत्रातली साधी चिप धडधाकट असेल तर ती बदलू नका. २८ पाय उपसताना पट्टी खराब होण्याचा धोका मुकुटाच्या फायद्यापेक्षा मोठा आहे.

ती किती धडधाकट आहे ते कानाने कळतं. मी मल्लिकार्जुन मन्सूरांची सीडी लावतो आणि गायन सुरू व्हायच्या आधीचा नुसता तानपुरा ऐकतो. तार झंकारून विरत जाताना जव्हारीची गुंजन शेवटपर्यंत मऊ राहिली पाहिजे. विरताना वाळूसारखी खसखस आली, किंवा एका बाजूला आली आणि दुसरीला नाही, तर चिप किंवा तिचे तीन पुरवठे, +५, -५ आणि -१५ व्होल्ट, तपासा. बऱ्याचदा पुरवठाच ढासळलेला असतो आणि बोल चिपेला लागतो.

आपल्या हवेत

परदेशातून आलेलं यंत्र आपला जून-जुलै पहिल्यांदाच बघतं. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवाच. स्वतःच्या उबेने ते कोरडं राहतं. वापरात नसताना सिलिका जेलच्या पुड्या वर ठेवा, आत नको. शासीचं तांबं काळवंडलं म्हणून पितांबरी घेऊन घासायला बसू नका. मुलामा पातळ असतो आणि उडालेली पूड सर्किटवर पडते. जोडण्यांच्या पिना मात्र वर्षातून एकदा काढून घालाव्यात, तेवढ्यानेही निम्मी गूढ दुखणी जातात.

रिमोट हरवलेला असेल तर मूळचाच हवा म्हणून वणवण करू नका. मॅरँट्झ आणि फिलिप्स दोघेही आरसी-५ ही एकच सांकेतिक भाषा बोलतात, त्यांच्या कुठल्याही जुन्या सीडी प्लेअरचा रिमोट बहुतेक बटणांना चालतो.

सगळं करूनही उद्या चिप गेलीच तर मागचं डिजिटल आउटपुट वेगळ्या डॅकला (चिपचंच काम करणाऱ्या स्वतंत्र पेटीला) जोडा, पेटी वाजत राहील. हात गेला तर मात्र दाता, म्हणजे भाग काढून घ्यायला दुसरं यंत्र, लागतो. फिलिप्स सीडी १०४ आणि सीडी ३०४ या साध्या दिसणाऱ्या यंत्रांत सीडीएम-१ आहे, सीडीएम-१ मार्क २ वेगळं, ते जसंच्या तसं बसत नाही. सीडी १०४ कुठे भंगाराच्या भावात दिसलं तर उचलून माळ्यावर टाका. माझ्या माळ्यावर दोन आहेत, घरी एकच माहीत आहे.